डिव्हाइस पासथ्रू

डिव्हाइस पासथ्रू म्हणजे यजमान संगणकाला जोडलेले एखादे प्रत्यक्ष उपकरण आभासी यंत्राच्या थेट ताब्यात देण्याची पद्धत होय. ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, साठवण-नियंत्रक, यूएसबी-नियंत्रक इत्यादी पीसीआय उपकरणे या पद्धतीने दिली जातात. नेहमीच्या आभासीकरणात पाहुण्या कार्यप्रणालीला सॉफ्टवेअरने उभे केलेले कल्पित उपकरण दिसते. पासथ्रूमध्ये मात्र ती आपल्या मूळ ड्रायव्हरद्वारे खऱ्या उपकरणाशी बोलते. त्यामुळे वेग जवळजवळ प्रत्यक्ष यंत्राइतका मिळतो. परंतु उपकरणाची नोंदणीस्थाने आणि पाहुण्या यंत्राची मेमरी यांचे मॅपिंग अचूक जुळावे लागते. या पद्धतीत येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ मेमरी मॅपिंग, उपकरणांचे गट, ड्रायव्हरची मालकी किंवा उपकरणाचे पुनःस्थापन या चार बाबींत आढळते.

इतिहास

आभासी यंत्राची कल्पना आयबीएमच्या मेनफ्रेम संगणकांवर रुजली. १९७२ साली आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी एखादी संगणकरचना आभासीकरणास योग्य ठरण्यासाठी लागणाऱ्या अटी मांडल्या. एक्स८६ रचना या अटी पूर्ण करीत नव्हती. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने सॉफ्टवेअर युक्त्यांनी ही उणीव भरून काढली. २००५ मध्ये इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने आभासीकरणासाठी प्रोसेसरमध्येच सोय केली.

लिनक्स कर्नलमध्ये केव्हीएम हा हायपरव्हायजर २.६.२० या आवृत्तीत, फेब्रुवारी २००७ मध्ये समाविष्ट झाला. त्याच्या जोडीने वापरला जाणारा क्यूएमू हा फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेला अनुकारक आहे. प्रारंभी केव्हीएममध्ये उपकरण सोपविण्याची स्वतःची व्यवस्था होती. २०१२ मध्ये लिनक्स ३.६ मध्ये व्हीएफआयओ ही अधिक सुरक्षित चौकट आली व पुढे जुनी व्यवस्था काढून टाकण्यात आली. २०२३ मध्ये लिनक्स ६.२ मध्ये मेमरी मॅपिंगचे काम स्वतंत्रपणे सांभाळणारी आयओएमएमयूएफडी ही नवी व्यवस्था दाखल झाली. व्हीएमवेअरमध्ये या सोयीस डायरेक्टपाथ, तर मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही मध्ये विंडोज सर्व्हर २०१६ पासून डिस्क्रीट डिव्हाइस असाइनमेंट असे नाव आहे. झेन या हायपरव्हायजरमध्येही पीसीआय पासथ्रू उपलब्ध आहे.

कार्यपद्धती

मेमरीचे दुहेरी मॅपिंग

पाहुण्या कार्यप्रणालीला शून्य पत्त्यापासून सुरू होणारी सलग मेमरी दिसते. प्रत्यक्षात ती यजमानाच्या मेमरीत विखुरलेल्या पृष्ठांतून उभी केलेली असते. पाहुण्याचा पत्ता यजमानाच्या खऱ्या पत्त्यात बदलण्याचे काम प्रोसेसरमधील दुसऱ्या स्तराची पृष्ठसारणी करते. एएमडीने ही सोय २००७ मध्ये व इंटेलने २००८ मध्ये आपल्या प्रोसेसरांत आणली.

ही सारणी केवळ प्रोसेसरच्या वाचन-लेखनाला लागू पडते. नेटवर्क कार्ड किंवा ग्राफिक्स कार्ड मात्र प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत लिहू शकते. या क्रियेस डीएमए म्हणतात. पाहुण्याचा ड्रायव्हर उपकरणाला जो पत्ता सांगतो तो पाहुण्याच्या दृष्टीचा असतो. उपकरणाने तो खरा मानला तर माहिती यजमानाच्या किंवा दुसऱ्या आभासी यंत्राच्या मेमरीत जाऊन पडेल. हा धोका टाळण्यासाठी आयओएमएमयू हा घटक लागतो. तो उपकरणाकडून आलेला प्रत्येक पत्ता आपल्या सारणीत तपासतो, त्याचे रूपांतर करतो आणि परवानगी नसलेला पत्ता अडवतो. इंटेलच्या यंत्रणेस व्हीटी-डी आणि एएमडीच्या यंत्रणेस एएमडी-व्हीआय असे नाव आहे.

पृष्ठे जखडणे

बहुतेक उपकरणे पृष्ठ मेमरीत उपस्थित नसल्यास थांबून वाट पाहू शकत नाहीत. उपकरण कोणत्या क्षणी कोणत्या पृष्ठावर लिहील हे यजमानालाही आधी कळत नाही. म्हणून पासथ्रू असलेल्या आभासी यंत्राची संपूर्ण मेमरी प्रारंभीच जखडून ठेवली जाते. तिच्यातील पृष्ठे डिस्कवर हलविता येत नाहीत. यामुळे १६ जीबी मेमरीचे आभासी यंत्र सुरू होताच यजमानाची १६ जीबी मेमरी व्यापते, मग पाहुणा तिचा वापर करो वा न करो. प्रत्यक्ष मेमरीपेक्षा अधिक मेमरी वाटण्याची नेहमीची सवलत येथे चालत नाही.

पृष्ठाचा आकार येथे महत्त्वाचा ठरतो. ४ केबीच्या नेहमीच्या पृष्ठांनी १६ जीबी मेमरी व्यापण्यास ४१,९४,३०४ पृष्ठे लागतात. २ एमबीच्या मोठ्या पृष्ठांनी ८,१९२ आणि १ जीबीच्या पृष्ठांनी केवळ १६ पुरतात. मोठी पृष्ठे वापरल्यास मॅपिंग लवकर होते व पत्ता-रूपांतराचा भार घटतो.

उपकरणाच्या पत्त्यांचे मॅपिंग

पीसीआय उपकरण आपली नोंदणीस्थाने व आपली मेमरी ‘बार’ नावाच्या पत्ता-खिडक्यांतून उघडी करते. सामान्य उपकरणास अशा कमाल सहा खिडक्या असू शकतात व प्रत्येकीचा आकार दोनच्या घातात असतो. व्हीएफआयओ या खिडक्या क्यूएमूच्या पत्ता-अवकाशात आणते आणि तेथून त्या पाहुण्याच्या पत्ता-अवकाशात मांडल्या जातात. व्यत्ययांची सारणी असलेले पृष्ठ मात्र पाहुण्यास थेट दिले जात नाही. त्याचे अनुकरण केले जाते, कारण व्यत्यय कोठे पाठवायचा हे ठरविण्याचा अधिकार यजमानाकडेच राहिला पाहिजे.

पूर्वअटी

पासथ्रूसाठी प्रोसेसर, मदरबोर्ड आणि फर्मवेअर या तिन्ही ठिकाणी आयओएमएमयूचा आधार असावा लागतो. प्रोसेसरची आभासीकरण-सोय आणि आयओएमएमयू या फर्मवेअरमधील दोन वेगळ्या नोंदी असतात. पहिली चालू व दुसरी बंद असल्यास आभासी यंत्र व्यवस्थित चालते, पण उपकरण सोपविता येत नाही. इंटेलच्या यंत्रांवर अनेक लिनक्स वितरणांत कर्नलच्या आरंभ-ओळीतही आयओएमएमयू चालू करण्याचा पर्याय द्यावा लागतो. मोठ्या खिडक्यांच्या उपकरणांसाठी फर्मवेअरमध्ये ४ जीबीच्या वरील पत्त्यांची अनुमती चालू असणे आवश्यक असते.

अडचणी व त्यांचे निवारण

निदानाचा क्रम साधारणपणे खालून वर जातो: प्रथम आयओएमएमयू, मग गट, मग ड्रायव्हर, त्यानंतर मेमरी मॅपिंग आणि शेवटी पाहुण्यातील ड्रायव्हर. पाहुण्यात दिसणाऱ्या काळ्या पडद्याचे कारण पुष्कळदा यजमानाच्या कर्नल-नोंदीत सापडते. म्हणून पाहुण्यात बदल करण्यापूर्वी ती नोंद वाचणे उपयुक्त ठरते.

आयओएमएमयू गट

ज्या उपकरणांना एकमेकांपासून वेगळे ठेवण्याची हमी यंत्रणा देऊ शकत नाही, अशा उपकरणांचा कर्नल एक गट करतो. गट हा सोपविण्याचा सर्वांत लहान घटक असतो. गटातील एक उपकरण पाहुण्याकडे आणि दुसरे यजमानाच्या ड्रायव्हरकडे असल्यास ‘गट वापरण्यायोग्य नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. ग्राफिक्स कार्ड व त्यावरील ध्वनी-घटक सहसा एकाच गटात असतात आणि दोन्ही एकत्रच द्यावे लागतात. गटातील पीसीआय पूल मात्र यजमानाकडे राहू शकतो.

गटात नको असलेली उपकरणे आढळल्यास कार्ड दुसऱ्या खाचेत, शक्यतो थेट प्रोसेसरशी जोडलेल्या खाचेत बसविणे हा पहिला उपाय आहे. फर्मवेअरच्या नव्या आवृत्तीनेही कधीकधी गट सुटे होतात. कर्नलला वेगळेपणाची हमी आहे असे भासविणारी एक सुधारणाही प्रचलित आहे. ती मूळ लिनक्स कर्नलमध्ये स्वीकारलेली नाही. तिने गट कागदावर सुटे होतात, पण उपकरणे एकमेकांच्या मेमरीत आयओएमएमयूला वळसा घालून लिहिण्याची शक्यता तशीच राहते. परस्परांवर विश्वास नसलेल्या वापरकर्त्यांची यंत्रे जेथे एकत्र चालतात तेथे ती वापरणे योग्य नाही.

ड्रायव्हरची मालकी

उपकरण पाहुण्याला देण्यापूर्वी ते यजमानाच्या ड्रायव्हरकडून सोडवून व्हीएफआयओच्या ड्रायव्हरशी बांधावे लागते. ग्राफिक्स ड्रायव्हर आरंभीच्या टप्प्यातच कार्डचा ताबा घेतो. त्यामुळे व्हीएफआयओचा ड्रायव्हर प्रारंभिक रॅम-प्रतिमेत समाविष्ट करून आधी चढेल अशी तजवीज करतात. निर्माता व उपकरण यांच्या क्रमांकाने बांधणी केल्यास त्याच प्रकारची दोन कार्डे असताना दोन्ही पकडली जातात. अशा वेळी उपकरणाच्या पीसीआय पत्त्याने बांधणी करणे इष्ट ठरते.

पीसीआय पत्ताही कायमचा नसतो. नवे कार्ड बसविल्यावर बसचे क्रमांक बदलू शकतात आणि आभासी यंत्राच्या मांडणीतील जुना पत्ता भलत्याच उपकरणाकडे निर्देश करतो. ते उपकरण यजमानाची मूळ डिस्क असलेला साठवण-नियंत्रक निघाल्यास, आभासी यंत्र सुरू होताच यजमानाची डिस्क नाहीशी होते व चालू असलेली सर्व यंत्रे धोक्यात येतात. म्हणून हार्डवेअरमध्ये बदल केल्यानंतर पत्त्यांची पडताळणी झाल्याशिवाय आभासी यंत्रे आपोआप सुरू होऊ न देणे हितावह असते.

मेमरी जखडण्याची मर्यादा

आभासी यंत्र सुरू होताना मॅपिंगचे आवाहन ‘मेमरी उपलब्ध नाही’ या अर्थाच्या −१२ या त्रुटीने फसल्यास मुक्त मेमरी कमी आहे असा समज होतो. पुष्कळदा मेमरी भरपूर असते. त्या प्रक्रियेला जखडता येणाऱ्या मेमरीची मर्यादा मात्र कमी असते. लिबव्हर्ट हे व्यवस्थापन-साधन पाहुण्याच्या मेमरीत १ जीबी मिळवून ही मर्यादा आपोआप ठरविते. क्यूएमू थेट चालविल्यास ती वापरकर्त्याने वाढवावी लागते. पाहुण्याला आभासी आयओएमएमयू दिला असेल आणि अनेक उपकरणे सोपविली असतील, तर तीच मेमरी प्रत्येक उपकरणाच्या हिशेबी पुन्हा मोजली जाऊ शकते.

मोठी पृष्ठे न मिळणे हा याच वर्गातील दोष होय. यजमान बराच काळ चालल्यावर मेमरी विखुरते व सलग १ जीबीचे तुकडे मिळत नाहीत. ही पृष्ठे संगणक सुरू होतानाच राखून ठेवतात. एकाहून अधिक प्रोसेसर असलेल्या सर्व्हरवर ती उपकरणाच्या नजीकच्या प्रोसेसरच्या मेमरीतून घेतल्यास वेग टिकून राहतो.

खिडकीला जागा न मिळणे

यजमानाच्या नोंदीत ‘बार राखून ठेवता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश वारंवार येत असेल आणि पाहुण्यात पडदा काळा राहत असेल, तर त्या पत्त्यांवर दुसऱ्या कोणाचा ताबा आहे असे समजावे. पुष्कळदा हा ताबा संगणक सुरू होतानाचे चित्र दाखविणाऱ्या साध्या फ्रेमबफरचा असतो. फर्मवेअरने आरंभीचे चित्र ज्या कार्डावर दाखविले, तेच कार्ड सोपविल्यास हा संघर्ष उद्भवतो. आरंभीच्या चित्रासाठी दुसरे किंवा प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स निवडणे हा उत्तम उपाय आहे. ते शक्य नसल्यास कर्नलच्या आरंभ-पर्यायांतून हा फ्रेमबफर बंद करतात. अशा कार्डाची आरंभ-रॉम यजमानाने आधीच वापरलेली असल्याने पाहुण्याला तिची स्वतंत्र प्रत फाइलच्या रूपाने द्यावी लागू शकते.

पाहुण्याच्या बाजूनेही जागेचा तुटवडा भासतो. पाहुण्याच्या पत्ता-अवकाशात ४ जीबीच्या खालचा काही भाग उपकरणांसाठी राखलेला असतो आणि उरलेली मेमरी ४ जीबीच्या वर मांडली जाते. गणनेसाठीच्या मोठ्या ग्राफिक्स कार्डांची एकेक खिडकी अनेक जीबीची असते व ती खालच्या भागात मावत नाही. पाहुण्याच्या फर्मवेअरमधील वरच्या भागाची उपकरण-जागा पुरेशी वाढविल्यावर हा दोष दूर होतो.

पत्त्याची रुंदी

काही घरगुती संगणकांतील इंटेल प्रोसेसरांची भौतिक पत्ता-रुंदी ३९ बिट, म्हणजे ५१२ जीबीपर्यंतची असते. पाहुण्याच्या फर्मवेअरला यापेक्षा अधिक रुंदी दाखविली गेल्यास ते उपकरणाची खिडकी ५१२ जीबीच्या पलीकडे ठेवते. तो पत्ता आयओएमएमयूच्या सारणीत बसत नाही आणि मॅपिंग ‘अवैध मूल्य’ या त्रुटीने फसते. पाहुण्यास दिसणारी पत्ता-रुंदी यजमानाइतकी मर्यादित केल्याने हा दोष नाहीसा होतो. केवळ उपकरणाच्या खिडकीचे मॅपिंग फसले आणि मुख्य मेमरीचे झाले, तर आभासी यंत्र सहसा चालू राहते. दोन उपकरणांमधील परस्पर थेट देवघेव तेवढी बंद पडते. म्हणून कोणत्या पत्त्याचे मॅपिंग फसले हे पाहिल्याशिवाय त्रुटीचे गांभीर्य ठरविता येत नाही.

राखीव मेमरी व डीएमए दोष

काही सर्व्हरांचे फर्मवेअर एखाद्या उपकरणासाठी मेमरीचा भाग कायमचा राखून ठेवते व त्या भागाचे मॅपिंग बदलू नये अशी नोंद आयओएमएमयूच्या सारणीत करते. असे उपकरण सोपविण्यास कर्नल नकार देतो. निर्मात्याने दिलेल्या फर्मवेअर-पर्यायातून ही राखण काढणे हा त्यावरचा योग्य मार्ग आहे.

यंत्र चालू असताना यजमानाच्या नोंदीत उपकरणाचा पत्ता व मेमरीचा पत्ता यांसह पृष्ठदोष दिसल्यास, उपकरणाने परवानगीबाहेरच्या मेमरीला हात घातला आणि आयओएमएमयूने तो अडविला असा अर्थ होतो. सदोष ड्रायव्हर, सदोष फर्मवेअर किंवा आभासी यंत्र बंद पडल्यानंतरही चालू राहिलेला डीएमए ही याची संभाव्य कारणे होत. आयओएमएमयू बंद केल्याने संदेश थांबतात, पण त्यांनी दाखविलेला धोका वाढतो.

पुनःस्थापन

आभासी यंत्र पहिल्यांदा व्यवस्थित चालते आणि बंद करून पुन्हा सुरू केल्यास उपकरण प्रतिसाद देत नाही, हे पुनःस्थापनातील दोषाचे ओळखचिन्ह आहे. उपकरण एका पाहुण्याकडून दुसऱ्याकडे जाताना मूळ स्थितीत यावे लागते. काही उपकरणे त्यासाठी स्वतंत्र आज्ञा देतात, काहींना वीज-स्थितीतील बदल पुरतो आणि काहींसाठी संपूर्ण बस पुनःस्थापित करावी लागते. बसवर दुसरेही उपकरण असल्यास हा शेवटचा मार्ग उपलब्ध नसतो. एएमडीच्या काही पिढ्यांतील ग्राफिक्स कार्डांमध्ये हा दोष विशेष आढळला असून त्यासाठी स्वतंत्र कर्नल-मॉड्यूल तयार झाले आहे. अन्यथा यजमान संगणक पूर्ण बंद करून सुरू करावा लागतो.

पाहुण्यातील ड्रायव्हर

एनव्हिडियाचा जीफोर्स मालिकेचा विंडोज ड्रायव्हर आभासी यंत्र ओळखून ‘त्रुटी ४३’ दाखवीत असे. त्यामुळे अनेक वर्षे वापरकर्ते पाहुण्यापासून हायपरव्हायजरची ओळख लपवीत असत. २०२१ मध्ये कंपनीने ४६५ या ड्रायव्हर-मालिकेपासून या कार्डांच्या पासथ्रूला प्रायोगिक आधार दिला. नव्या ड्रायव्हरवरही ही त्रुटी आल्यास कारण रॉम, खिडकी किंवा पुनःस्थापन यांत शोधावे लागते.

एका उपकरणाचे विभाजन

संपूर्ण उपकरण एकाच पाहुण्याला देणे खर्चिक ठरते. पीसीआय मानकमंडळाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एसआर-आयओव्ही या मानकानुसार एक प्रत्यक्ष उपकरण अनेक आभासी कार्ये उघडी करते व प्रत्येक कार्य वेगळ्या पाहुण्यास देता येते. नेटवर्क कार्डांत ही पद्धत रूढ झाली आहे. आभासी कार्ये निर्माण होत नसल्यास फर्मवेअरमधील या सोयीची नोंद आणि त्यांच्या खिडक्यांसाठी पुरेशी पत्ता-जागा या दोन गोष्टी प्रथम तपासतात. यूएसबी उपकरण एकटे देण्यासाठी मात्र आयओएमएमयू लागत नाही, कारण त्याची देवघेव यजमानाच्या सॉफ्टवेअरमधूनच होते.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रातील क्लाउड केंद्रांत या तंत्राचा मोठ्या प्रमाणावर उपयोग होतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे व मुंबई येथे आणि अॅमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईत आपले क्लाउड विभाग सुरू केले. दोन्ही कंपन्या भाड्याच्या आभासी यंत्रांना वेगवान नेटवर्क पुरविण्यासाठी एसआर-आयओव्हीचा आधार घेतात. चंद्रपूर व गडचिरोली हे तेलंगणाला लागून असलेले वनजिल्हे मुंबईपेक्षा हैदराबादला जवळ आहेत. तेथे अॅमेझॉनचा विभाग नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. अशा जिल्ह्यांतील विद्यार्थी किंवा संशोधक दूरच्या केंद्रातील ग्राफिक्स कार्ड तासाच्या हिशेबाने वापरतो, तेव्हा त्याची माहिती शेजारच्या भाडेकरूपासून सुरक्षित ठेवणाऱ्या घटकांत आयओएमएमयूचा समावेश होतो.

पुणे येथील प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅकची स्थापना १९८८ मध्ये झाली. तेथील परम सिद्धी-एआय हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक ५०० महासंगणकांच्या यादीत ६३ व्या स्थानी होता. त्यातील एनव्हिडिया ए१०० या प्रकारच्या कार्डाचे हार्डवेअरच्या पातळीवर कमाल सात स्वतंत्र भाग करता येतात.

मर्यादा

पासथ्रू दिलेले उपकरण त्या काळात यजमानाला वापरता येत नाही. चालू आभासी यंत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलविणे सामान्यतः शक्य होत नाही, कारण उपकरणाची अंतर्गत स्थिती हायपरव्हायजरला वाचता येत नाही. मोजक्या उपकरणांना अलीकडे तशी सोय मिळाली आहे. आभासी यंत्राची मेमरीसह तात्काळ प्रत घेणेही याच कारणाने अडते. तसेच पाहुण्याला उपकरणाच्या फर्मवेअरमध्ये बदल करण्याची मुभा मिळू शकत असल्याने, एका भाडेकरूने सोडलेले उपकरण दुसऱ्याला देण्यापूर्वी त्याचे फर्मवेअर तपासणे सुरक्षिततेच्या दृष्टीने आवश्यक ठरते.

हे सुद्धा पहा

आभासी यंत्र
हायपरव्हायजर
लिनक्स कर्नल
क्लाउड संगणन
सी-डॅक